पाचवीतलं मूल, दुसरीतलं वाचन: सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगा पाचवीत, सेमी इंग्रजीला. पहिल्या सत्रात गणितात ५० पैकी ११. बाई म्हणतात, 'डोकं आहे, पण लक्ष नाही.' जूनपासून रोज दोन तासांचा क्लास आहे, तरी फरक नाही. संध्याकाळी अभ्यासाला बसवलं की रडारड. बाबांच्या मते सगळा दोष मोबाइलचा. आजी म्हणतात, याचे बाबाही लहानपणी असेच होते, लागेल हळूहळू वळणाला. आता पाचवीला नापास करतात, म्हणून तुमच्या पोटात गोळा आलाय. आणि शेवटी तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: शाळा बदलू का, माध्यम बदलू का, की डॉक्टरांना दाखवू?

तिन्हींची उत्तरं देतो, पण त्याआधी एक काम करा. मुलगा पाचवीच्या वर्गात बसतो हे आपल्याला माहीत आहे. त्याचं वाचन आणि त्याचं गणित कुठल्या इयत्तेत बसलंय, हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. बाईंनाही बहुधा ते नेमकं ठाऊक नसावं, आणि क्लासवाल्यांनी तर ते पाहिलेलंच नसणार. इतकी वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवताना, आणि नंतर फक्त मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करताना, मी सुरुवात कायम इथूनच केली. प्रगतीपुस्तक हे सांगत नाही. ११ गुण म्हणजे मुलाला काय आलं नाही एवढंच. काय येतं आणि कुठपर्यंत येतं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

येत्या रविवारी, त्याचं पोट भरलेलं असताना आणि घरात पाहुणे नसताना, अर्धा तास काढा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पहिली, दुसरी आणि तिसरीची मराठीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. दुसरीच्या पुस्तकातला असा एखादा धडा निवडा, जो त्याला पाठ नसेल. त्याला मोठ्यानं वाचू द्या. परीक्षा आहे असं सांगू नका. 'मला ऐकायचंय' एवढंच म्हणा. चुकला तरी मध्ये सांगायचं नाही. तुम्ही फक्त कागदावर टिपून ठेवायचं. दुसरीचं जमलं नाही तर पहिलीचा परिच्छेद द्या, तेही अवघड गेलं तर सुटे शब्द, नाहीतर सुटी अक्षरं. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' पाहणीसाठी कार्यकर्ते घरोघर जातात, तेव्हा याच पायऱ्यांनी मुलांचं वाचन तपासतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतलं मूल यातल्या तिसऱ्या पायरीवर अडखळताना दिसलं तर धक्का बसू देऊ नका. अशी मुलं फार असतात, चांगल्या शाळांतही.

आता तो कशा प्रकारे चुकतो ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' यांची गल्लत होत असेल तर अक्षरओळखच कच्ची आहे. 'पाणी'चं 'पणी' आणि 'किती'चं 'कती' होत असेल तर अक्षरं येतात, पण काना, वेलांटी डोळ्यांतून निसटतात. 'पुस्तक'चं 'पुसतक' आणि 'सूर्य'चं 'सुरय' होत असेल तर गाडी जोडाक्षरांपाशी थांबलीय. 'शेतकरी'च्या जागी बिनदिक्कत 'शेतात' म्हणून पुढे जात असेल, तर तो वाचतच नाही. पहिलं अक्षर बघून ठोकून देतो. अशी मुलं हुशार असतात. त्यांनी तिसरी-चौथीपर्यंत अंदाजावर आणि पाठांतरावर निभावून नेलेलं असतं. पाचवीला धडे लांब झाले की ते कोसळतं, आणि शाळेला वाटतं मुलाचं लक्ष उडालं.

पाचवा प्रकार सगळ्यांत फसवा. मूल घडाघडा वाचतं, एकही चूक नाही, आणि पुस्तक मिटून 'काय झालं गोष्टीत?' विचारलं की गप्प. म्हणून वाचन झालं की दोन साधे प्रश्न विचाराच. वेगाचा अंदाज हवा असेल तर केंद्राच्या निपुण भारत अभियानानं तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा ठेवली आहे. पण मुलासमोर घड्याळ लावून बसू नका. घड्याळ दिसलं की मूल धावायला लागतं, आणि आपल्याला खोटंच चित्र दिसतं.

गणिताचंही असंच करा. आकडे वाचायला द्या, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकानं भाग. ५२ वजा २७ याचं उत्तर ३५ आलं, तर त्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. दशक मोडून दहा एकक घ्यायचे, ही गोष्ट त्याला कधी समजलेलीच नाही. तिथे पाचवीचे अपूर्णांक शिकवून उपयोग नाही.

सेमीच्या मुलांत आणखी एक गोष्ट मी नेहमी तपासतो. मराठीच्या पुस्तकातला १ आणि गणिताच्या पुस्तकातला नऊ एकमेकांसारखे दिसतात. तसेच मराठीतला ४ आणि इंग्रजीतला आठ. मुलं फळ्यावरून उतरवताना हमखास घोळ घालतात, आणि मग रीत बरोबर असूनही उत्तर चूक. त्यातच 'बासष्ट' ऐकताना आधी दोन ऐकू येतो आणि मग साठ, म्हणून मूल २६ लिहितं. एकोणपन्नास, एकोणसाठ तर मोठ्यांनाही क्षणभर थांबवतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मला विचाराल तर अडखळणाऱ्या मुलासाठी ती चांगली शिडी आहे. 'साठ दोन म्हणजे बासष्ट' असं दोन-तीन आठवडे दोन्ही म्हणून घेतलं की गोंधळ बराच निवळतो. ज्याला येतं त्याच्यावर लादू नये, एवढंच.

शेवटी पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण इंग्रजीत वाचायला लावा, आणि तेच नंतर तोंडी मराठीत सांगा. 'एका पेटीत बारा आंबे, अशा सात पेट्या, वीस आंबे खराब निघाले, उरले किती?' मराठीत ऐकून तो बरोबर उत्तरापर्यंत गेला, तर त्याचं गणित बरं आहे. अडलीय ती भाषा. हा फरक कळला नाही तर वर्षभर नको त्या गोष्टीवर मेहनत होते.

हे सगळं एका वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

मग शरीराकडे बघा. नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्या. शाळेतल्या तक्त्यावर भागवू नका. लांबचं न दिसणारं मूल कधीच सांगत नाही की मला दिसत नाही, कारण त्याच्या लेखी सगळ्यांना असंच दिसतं. सारखी सर्दी होत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर कानही. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासा, लोह कमी असलेली मुलं दुपारनंतर अक्षरशः विझतात. झोप किती, घोरतो का, तेही डॉक्टरांना सांगा. बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवतो आणि हाक मारली तरी ओ देत नाही, असं वारंवार होत असेल तर ते आवर्जून सांगा. तो फिटचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन गेलं असेल तर त्यांनी काही नोंदवलंय का, तेही विचारा.

आता क्लासचं. माझं मत स्पष्ट आहे: निदान तीन महिने बंद करा. क्लासमध्ये पाचवीचाच धडा पुन्हा शिकवतात, प्रश्नोत्तरं पुन्हा लिहून घेतात. ज्याला दुसरीचं वाचता येत नाही, त्याला पाचवीचं दिवसातून दोनदा शिकवलं तर ते दोनदा येत नाही, एवढाच फरक. पाया खचलेल्या भिंतीला वरून गिलावा करण्यासारखं आहे हे. आणि शाळेतल्याच बाई किंवा सर तो क्लास घेत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे, हेही माहीत असू द्या. भांडायला जा असं मी म्हणत नाही.

क्लासमधून मोकळ्या झालेल्या दोन तासांतला अर्धा तास तुम्ही घ्या, उरलेला त्याला खेळायला द्या. हो, खेळायलाच. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, शक्यतो एकाच वेळी. त्यातली पंधरा मिनिटं वाचन, दहा मिनिटं गणित, पाच मिनिटं तुम्ही त्याला काहीतरी वाचून दाखवायचं आणि त्यानं नुसतं ऐकायचं. शेवटची पाच मिनिटं काटू नका. वाचनात मागे पडलेल्या मुलाच्या कानावर पुस्तकाची भाषा पडायचीच बंद होते, आणि मग शब्दही वाढत नाहीत.

वाचनाला त्याच्या पातळीच्या एक पायरी खालचं पुस्तक घ्या, ज्यात ओळीला फार तर एखादा शब्द अडेल. पाचवीतल्या मुलाला पहिलीचं बालभारती हातात घ्यायची लाज वाटते, विशेषतः धाकटी बहीण घरात असेल तर. त्यासाठी 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मिळतात, फुकट, आणि त्यावर इयत्ता छापलेली नसते. आधी तुम्ही परिच्छेद वाचा, तो बोट फिरवेल. मग दोघं एकदम वाचा, मग तो एकटा. तोच मजकूर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाठ होईल म्हणून घाबरू नका. ओळखीचे शब्द डोळ्यांना एका नजरेत कळायला लागणं, हेच आपल्याला हवंय. अडला की लगेच शब्द सांगू नका, पाचपर्यंत मनात मोजा. तरीही नाही आलं तर सांगून टाका आणि पुढे चला. वाक्याच्या मध्येच अक्षर-अक्षर फोडायला लावलं की अर्थ हातातून जातो.

जोडाक्षरांसाठी यादी पाठ करून घेऊ नका. एका वेळी एकच कुटुंब घ्या. मराठीत 'र' एकटाच किती रूपं घेतो बघा: प्रकाश, ट्रक, सूर्य, सुऱ्या. चार दिवस फक्त रफार: वर्ग, गर्दी, मार्ग, दर्जा. शब्द तोंडानं फोडायचा, 'गर्‌-दी', मग लिहायचा, मग तो शब्द घालून वाक्य करायचं. त्याच्या आवडीचे शब्द घ्या. क्रिकेटवेडा असेल तर 'चेंडू', 'फलंदाज' आणि 'षटकार' नेहमीच्या शब्दांत येतातच, 'यष्टिरक्षक', 'क्षेत्ररक्षण' हे मात्र जोडाक्षरांची खाणच आहेत. श्रुतलेखन रोज पाचच शब्दांचं. तपासताना बरोबर अक्षरांवर खूण करायची. 'यष्टिरक्षक'मध्ये पाचपैकी चार अक्षरं बरोबर आली असतील तर चार खुणा. लाल पेनानं आख्खा शब्द खोडला की मुलाला वाटतं आपल्याला काहीच आलं नाही.

हातच्याची वजाबाकी वहीत शिकवू नका. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी काढा. त्याच्याकडे ५२ रुपये: पाच नोटा, दोन नाणी. 'मला २७ दे.' सात नाणी नाहीत म्हटल्यावर तो आपोआप म्हणेल, एक नोट सुटी करून दे. हातचा घेणं म्हणजे हेच. तीन-चार दिवस नुसतं पैशांनी, नंतर पैसे आणि वही शेजारी, मग नुसती वही. पाढ्यांचं म्हणाल तर तीसपर्यंत नकोत. दोन ते दहा पक्के, मध्येच कुठेही विचारलं तरी येणारे, एवढं पुरतं. सरळ म्हणताना येतो आणि 'सात आठे?' विचारलं की पहिल्यापासून सुरुवात करतो, तो पाढा आलेला नाही.

हे चालू असताना शाळेचा गृहपाठ कोण करणार? इथे बाईंशी बोलावं लागेल, आणि कसं बोलता यावर बरंच अवलंबून आहे. पालकसभेच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागा. 'तुमचं याच्याकडे लक्ष नाही' असा सूर लावला की बाई बचावाला उभ्या राहतात, साहजिक आहे. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, वर शिक्षकांच्या मागची बाकीची कामं. तुमची ती वही दाखवा. 'बाई, याला दुसरीचं वाचता येतं, जोडाक्षरं अडतात, हातचा येत नाही. घरी आम्ही हे सुरू केलंय. तीन महिने याचा लेखी गृहपाठ निम्मा करता येईल का? वर्गात मोठ्यानं वाचायला अचानक उभं करू नका, आदल्या दिवशी परिच्छेद सांगितलात तर घरून तयारी करून पाठवते.' इतकं नेमकं मागितलं की बहुतेक शिक्षक देतात. नाहीच दिलं तर त्याच शिक्षण हक्क कायद्याचा आधार आहे: कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन करणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. मुख्याध्यापकांना अर्ज करताना त्याचा उल्लेख करा. पण तो शेवटचा मार्ग.

पाचवीच्या परीक्षेची भीती थोडी कमी करतो. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून सुरू झाली. विषयात ३५ टक्के मिळाले नाहीत तर शाळेनं जादा मार्गदर्शन द्यायचं आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तिथेही नाही जमलं तर पाचवीतच राहावं लागतं. शाळेतून मात्र काढता येत नाही. म्हणजे अजून वेळ आहे, आणि एकाऐवजी दोन संधी आहेत. तुमच्या मुलाला सगळ्या विषयांत ३५ टक्क्यांपर्यंत पोचवायचं असेल तर सगळे विषय शिकवत बसण्यापेक्षा वाचन सुधारणं हाच जवळचा रस्ता आहे, कारण परिसर अभ्यासाचा प्रश्नही आधी वाचावाच लागतो.

डॉक्टरांचा प्रश्न. अशी नियमित मेहनत तीन-चार महिने करूनही वाचन जागचं हललं नाही, तोंडी उत्तरं चांगली पण लेखी अगदीच कमकुवत असा मोठा फरक दिसत राहिला, किंवा पाहून लिहितानाही शब्द मोडतात असं दिसलं, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी करून घ्या. घरात आणखी कुणाला लहानपणी वाचायला असाच त्रास झाला असेल तर तीन महिनेही थांबू नका, कारण हे घराण्यात चालतं. आजी म्हणतात ना, बाबाही असेच होते? ते वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा. तपासणीत बुद्ध्यांकाची चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, डोळे-कान, शाळेचा अहवाल आणि जुन्या वह्या हे सगळं पाहतात, त्यामुळे दोन-चार खेपा होतात. प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतरच देतात. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे आहे. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ही सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. खासगी समुपदेशकाचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी पडतो, पण बोर्डाच्या सवलतींसाठी सरकारमान्य केंद्राचंच प्रमाणपत्र लागतं.

बाबा म्हणतील, मुलावर शिक्का बसेल. त्यांना सांगा, वर्गात 'ढ' हा शिक्का आधीच बसलाय, आणि तो खोटा आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, वाचण्या-लिहिण्याची यंत्रणा वेगळी चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि महाराष्ट्रात तर १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळायला लागल्या. जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, दहावीला आणखी काही. मात्र कागद मिळाला म्हणजे वाचन आलं असं नाही. रोजचा अर्धा तास सुटत नाही.

मोबाइलबद्दल बाबा अर्धे बरोबर आहेत. रात्रीचा मोबाइल झोप खातो, तो बंदच करा. पण वाचता न येणाऱ्या मुलासाठी मोबाइल हे एकच ठिकाण असतं जिथे त्याला कुणी नापास करत नाही. मोबाइल हिसकावून घेतला आणि त्या जागी पाचवीचं गाइड ठेवलं, तर तो तुमच्यापासूनही लांब जाईल. त्याला हातानं काय छान जमतं ते बघा, चित्र, सायकल दुरुस्ती, आजीला भाजी निवडून देणं, काहीही, आणि ते रोजच्या दिवसात ठेवा. अभ्यास बिघडला म्हणून पहिला बळी खेळाचा आणि चित्रकलेचा द्यायचा, ही आपल्याकडची फार वाईट खोड आहे.

राहिला शाळेचा आणि माध्यमाचा प्रश्न. वर्षाच्या मध्ये काहीही बदलू नका. रविवारच्या पाहणीत मराठीतून ऐकलेलं गणित त्याला सुटलं आणि इंग्रजीतून वाचलेलं सुटलं नाही, तर मे महिन्यात पूर्ण मराठी माध्यमाचा विचार जरूर करा. सहावीत आणि सातवीत गणित-विज्ञान आणखी वाढतं, तेव्हा हा बदल आत्ता सोपा आहे. शेजारचे काय म्हणतील याची काळजी नको. दोन्ही भाषांत सारखाच अडत असेल तर माध्यम बदलून काही साधणार नाही. शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि दहावीचा निकाल विचारण्याआधी एवढंच विचारा की सहावीत आलेल्या ज्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याच्यासाठी तुम्ही काय करता, आणि कोण करतं. 'आमच्याकडे अशी मुलंच नसतात' असं उत्तर मिळालं तर दुसरी शाळा बघा. तोवर गणितातले पंधरा-वीस नेहमीचे इंग्रजी शब्द, बेरीज, उरलेले, प्रत्येकी, दुप्पट यांच्यासाठी पुस्तकात जे येतात ते, वहीच्या मागच्या पानावर मराठी अर्थासह लिहून द्या, आणि वर्गात ते पान उघडून बघायची परवानगी बाईंकडून मागून घ्या.